मुक्या वेदनेचे वाचन : पशुवेदना-व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र आणि मराठी भाषा-साहित्य

प्रास्ताविक

पशुवैद्यकाच्या क्षेत्रात गेल्या काही दशकांत 'वेदना-व्यवस्थापन' हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून पुढे आला आहे. 'इंटरनॅशनल व्हेटर्नरी अकॅडमी ऑफ पेन मॅनेजमेंट' ही संस्था या विषयात 'सर्टिफाइड व्हेटर्नरी पेन प्रॅक्टिशनर' हे व्यावसायिक प्रमाणपत्र देते. पदवीधर पशुवैद्यकाने या विषयाचे विशेष प्रशिक्षण घ्यावे, स्वतः उपचार केलेल्या रुग्णांची वृत्ते लिहून परीक्षकांसमोर ठेवावीत व परीक्षा द्यावी, अशी या प्रमाणपत्राची साधारण रचना आहे. वरवर पाहता हा विषय वैद्यकाचा आहे आणि भाषा-साहित्याच्या अभ्यासकाचा त्याच्याशी संबंध नाही, असे वाटण्याची शक्यता आहे. परंतु हे प्रमाणपत्र ज्या कौशल्याची परीक्षा घेते ते कौशल्य मुळात वाचनाचे आहे. रुग्ण बोलत नाही. त्याचे शरीर, हालचाल, डोळे, कान आणि चारा यांवरून वैद्याने अर्थ लावायचा असतो. अर्थ लावताना स्वतःच्या मनातले रुग्णावर लादायचे नसते. समीक्षेचा व्यवहार याहून फार वेगळा नाही.

प्रस्तुत लेखात या प्रमाणपत्रामागील ज्ञानदृष्टीच्या आधारे मराठी भाषा व साहित्य यांतील जनावराच्या वेदनेची चिकित्सा करण्याचा आणि उलट मराठी गोठ्याच्या अनुभवातून या प्रमाणपत्राची मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे. गोंदिया जिल्हा भाताचा, तळ्यांचा व जंगलाचा जिल्हा आहे. येथे बैल, हल्या, गाय, शेळी ही कुटुंबाच्या अर्थव्यवहाराची अंगे आहेत. म्हणून विवेचनासाठी हाच परिसर प्रामुख्याने डोळ्यांसमोर ठेवला आहे. लेखाचे प्रतिपादन एका वाक्यात असे मांडता येईल : मराठीजवळ जनावराची वेदना ओळखण्याची सूक्ष्म शब्दसंपदा आहे, परंतु ती शब्दसंपदा आरोपाने माखलेली आहे, आणि हा आरोप दूर केल्याखेरीज ती वैद्यकाच्या व समीक्षेच्या उपयोगाची ठरणार नाही.

१. वेदनेची व्याख्या आणि भाषेचा प्रश्न

'इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पेन' या संस्थेने १९७९ साली वेदनेची जी व्याख्या केली ती जगभर प्रमाण मानली गेली. प्रत्यक्ष वा संभाव्य ऊतीहानीशी निगडित असलेला, अथवा तशा हानीच्या शब्दांत वर्णन केला जाणारा अप्रिय संवेदनात्मक व भावनिक अनुभव, असा तिचा आशय होता. या व्याख्येतील 'वर्णन केला जाणारा' हे पद वादाचे ठरले. ज्याला वर्णन करता येत नाही त्याच्या वेदनेचे काय? अर्भक, वाचा गेलेला वृद्ध, जनावर हे सारे या पदामुळे व्याख्येच्या काठावर उभे राहिले. २०२० साली संस्थेने व्याख्या सुधारली. वर्णनाचा उल्लेख काढून त्या जागी 'ऊतीहानीशी निगडित अनुभवासारखा' अशा अर्थाची शब्दयोजना आली. सोबतच्या टिपणात शाब्दिक वर्णन हे वेदना व्यक्त करण्याच्या अनेक वर्तनांपैकी केवळ एक आहे आणि संवाद साधता न येणे म्हणजे माणसाला वा मानवेतर प्राण्याला वेदना नसणे नव्हे, असे नमूद करण्यात आले.

या एका पदाच्या बदलाला चार दशके लागली. या काळात व्यवहारात काय घडत होते हे पाहिले म्हणजे पदाचे महत्त्व ध्यानात येते. १९८०च्या दशकापर्यंत नवजात अर्भकांवरही पुरेशी वेदनाशामके न देता शस्त्रक्रिया होत असत, कारण अर्भकाला वेदना जाणवत नाही, असा समज वैद्यकात होता. जनावरांच्या बाबतीत तर वेदना राहिली म्हणजे जनावर हालचाल कमी करते व जखम लवकर भरते, असे मत दीर्घकाळ मांडले गेले. दोन्ही समजांच्या मुळाशी एकच गृहीतक आढळते. जो सांगत नाही त्याला होत नाही.

वेदनेच्या मोजमापाचा आधुनिक इतिहासही भाषेपासून सुरू होतो, ही बाब भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली 'मॅकगिल वेदना प्रश्नावली' ही वेदनेच्या विशेषणांची वर्गवारी होती. ठणकणारी, भोसकणारी, जाळणारी, कुरतडणारी अशा प्रकारच्या शब्दांतून रुग्ण आपल्या दुखण्याचे स्वरूप निवडत असे. जनावरांसाठी हा मार्ग बंद होता. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी श्वानांसाठी वेदनामापनाची श्रेणी तयार करताना रुग्णाऐवजी निरीक्षकांकडे मोर्चा वळवला. दुखणाऱ्या श्वानाचे वर्णन पशुवैद्यक कोणत्या शब्दांत करतात, हे गोळा करून, त्यांची छाननी करून ती श्रेणी बनवली गेली. येथेही मोजमापाचा पाया शब्दच आहे. फरक इतकाच की शब्द सोसणाऱ्याचा नसून पाहणाऱ्याचा आहे. 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं' ही आपली म्हण जेथे थांबते तेथून या शास्त्राची सुरुवात होते, असे म्हणता येईल.

२. प्रमाणपत्र काय शिकवते

पशुवेदना-व्यवस्थापनाच्या शिक्षणात मज्जासंस्थेतील वेदनावहनाची प्रक्रिया, वेदनाशामकांचे गट, स्थानिक भूल देण्याच्या पद्धती, शस्त्रक्रियेपूर्वीच वेदनाशमन सुरू करण्याचे तत्त्व, आणि वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे एकत्र वापरून प्रत्येकाची मात्रा कमी राखण्याचे तत्त्व यांचा समावेश होतो. हा तांत्रिक भाग येथे विस्ताराने मांडण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती या शिक्षणातील निरीक्षणाची शिस्त.

या शिस्तीची तीन सूत्रे सांगता येतील. पहिले सूत्र असे की वेदनेची अनुपस्थिती गृहीत धरायची नाही. जी क्रिया माणसाला वेदनादायक ठरेल ती जनावरालाही ठरते असे मानून चालायचे. दुसरे सूत्र असे की निरीक्षण एकदा करून भागत नाही. उपचारापूर्वी, उपचारानंतर व पुढे ठरावीक अंतराने तेच निकष पुन्हा तपासायचे. तिसरे सूत्र सर्वांत कठीण आहे. चिन्ह आणि अर्थ यांची नोंद वेगवेगळी करायची. 'गाय रागावलेली आहे' ही नोंद नव्हे, तो अर्थ झाला. 'गाय मागचा डावा पाय उचलून धरते, कासेला हात लावताच लाथ मारते' ही नोंद होय.

गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्या बाबतीत ही शिस्त अधिकच आवश्यक ठरते. हे प्राणी निसर्गतः भक्ष्य होत. कळपात दुबळेपणा दाखवणारे जनावर हिंस्र श्वापदाच्या नजरेत प्रथम भरते. त्यामुळे दुखणे लपवणे हा त्यांच्या स्वभावाचाच भाग झालेला असतो. ब्राझीलमधील साओ पाउलो राज्य विद्यापीठाच्या बोतुकातू येथील संशोधकांनी गोवंशाच्या शस्त्रक्रियोत्तर वेदनेची श्रेणी २०१४ साली प्रसिद्ध केली. तिच्यात जनावराचे चालणे, उभे राहण्याची ढब, चाऱ्यातील रस, जखम चाटणे अशा बाबींना गुण दिले जातात. हे काम नेलोर जातीच्या बैलांवर झाले. नेलोर हा आंध्र किनाऱ्यावरील ओंगोल गोवंशाचा वंशज. आपल्या देशातून गेलेल्या वशिंडाच्या जनावराची वेदना पोर्तुगीज बोलणाऱ्या देशात शब्दबद्ध झाली. मराठीत ते काम व्हायचे आहे.

३. गोठ्यातील मराठी : चिन्ह आणि आरोप

मराठीजवळ यासाठी शब्द नाहीत असे मुळीच नाही. गोठ्यात, रानात, बांधीत काम करणाऱ्या माणसाच्या तोंडी जनावराच्या दुखण्याची किती चिन्हे आहेत याचा नुसता विचार केला तरी मन थक्क होते. वैरण सोडणे, रवंथ बंद पडणे, कान पाडणे, मान टाकणे, नाक कोरडे पडणे, डोळे खोल जाणे, दात खाणे, कण्हणे, धाप लागणे, अंगावर शहारे येणे, पोटावर लाथा झाडणे, पाय उचलून धरणे, कळपापासून वेगळे उभे राहणे, अंग चोरणे, पान्हा चोरणे. यांतील बहुतेक चिन्हे आधुनिक वेदनाश्रेणींतील निकषांशी जुळतात. रवंथ थांबणे व दात खाणे ही तर रवंथ करणाऱ्या जनावरांच्या वेदनेची पशुवैद्यकाने मान्य केलेली चिन्हे होत.

परंतु याच यादीतील काही शब्दप्रयोग बारकाईने पाहिले असता एक वेगळीच गोष्ट दृष्टोत्पत्तीस येते. 'अंग चोरणे' म्हणजे दुखरा भाग स्पर्शापासून आखडून घेणे. मानवी वैद्यकातही दुखऱ्या पोटाचे स्नायू ताठरणे हे महत्त्वाचे लक्षण मानतात. मराठीत मात्र या क्रियेला 'चोरणे' हे क्रियापद लागले आणि पुढे 'अंग चोरून काम करणे' म्हणजे कामचुकारपणा हा अर्थ रूढ झाला. एकाच शब्दप्रयोगात वेदनेचे चिन्ह आळसाच्या आरोपात बदलते. जू खांद्यावर घेताना बैल अंग चोरू लागला की 'बैल कामचोर झाला' असे म्हणणे भाषेने सोपे करून ठेवले आहे. त्याच्या खांद्यावर खांदेसूज आहे की नाही, हे पाहण्याची गरज मग उरत नाही.

'पान्हा चोरणे' याचेही तसेच आहे. कासदाह झालेली, भ्यालेली वा वासरू गेलेली गाय दूध सोडत नाही. शरीरशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे कार्य भीती व वेदनेच्या वेळी स्रवणाऱ्या ॲड्रेनलिनमुळे अडते. गाय काही चोरत नसते. तिचे शरीरच दार बंद करते. परंतु धारेला बसलेल्या माणसाच्या दृष्टीने दूध त्याच्या मालकीचे, म्हणून न मिळालेले दूध चोरीला गेलेले. 'गरीब गाय, पोटात पाय' या म्हणीतही दुखावलेल्या जनावराच्या शरीराला कपटाचा अर्थ चिकटवलेला दिसतो. 'दात खाणे' हे माणसाच्या बाबतीत रागाचे चिन्ह असल्याने दात खाणारी म्हैस 'डूख धरून आहे' असे समजले जाते. मारकुटी, लाथाडी, अडेल, माजलेला ही जनावरांची विशेषणे स्वभावाची म्हणून वापरली जातात. पण अशा स्वभावाच्या तळाशी अनेकदा सुजलेले खूर, शिंगाच्या बुडाशी वाढणारा कॅन्सर वा वेसणीने चिघळलेले नाक असते.

संस्कृत काव्यशास्त्रात रूपक अलंकाराचे विवेचन 'आरोप' या संकल्पनेने केले जाते. उपमेयावर उपमानाचा आरोप. व्यवहारात आरोप म्हणजे दोषारोप. जनावराच्या वेदनेच्या संदर्भात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, हे विलक्षण आहे. गोठ्यात त्याच्यावर दोषाचा आरोप होतो आणि साहित्यात रूपकाचा.

४. मराठी साहित्य : वेदना आणि प्रतीक

मराठी साहित्यपरंपरेत जनावराची उपेक्षा झाली, असे म्हणता येणार नाही. संतचरित्रांत तहानलेल्या गाढवाला गंगेचे पाणी पाजणारे एकनाथ आहेत आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव आहेत. ज्ञानेश्वरांच्या पैठणच्या कथेत रेड्याच्या मुखातून वेद वदवले जातात. या कथेच्या एका प्रचलित रूपात त्यापूर्वी एक प्रसंग येतो. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले जातात आणि त्यांचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटतात. लोकस्मृतीत मात्र वेद बोलणारा रेडा ठळक राहिला, वळांचा प्रसंग मागे पडला. याचा अर्थ असा लावता येईल की रेड्याला माणसाची, तीही पंडितांची, भाषा आली तेव्हा तो आपल्याला महत्त्वाचा वाटला. वळांच्या प्रसंगात तो बोलत नाही. तेथे दुसऱ्याचे शरीर त्याची वेदना वाचते. वेदना-व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहता या कथेचा गाभा वेदघोषाआधीच येऊन गेलेला आहे.

आधुनिक साहित्यात साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) मधील 'मोरी गाय' हे प्रकरण पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांना हेलावून गेले आहे. जनावरांच्या साथीत मोरी दगावते. तिच्या जाण्याचे दुःख घरातील माणसाच्या जाण्यासारखे होते. वाचक रडतो तो मात्र आईच्या वात्सल्यासाठी; गाय ही त्या वात्सल्याचे माप ठरते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) बैलाच्या जागी स्त्री जुंपली जाते, तो प्रसंग मराठी कादंबरीतील अविस्मरणीय प्रसंगांपैकी एक आहे. समीक्षेने त्याचे वाचन दारिद्र्याचे आणि स्त्रीच्या कष्टाचे चित्र म्हणून केले आणि ते योग्यच आहे. परंतु ती बाई जे जू एका हंगामापुरते ओढते तेच जू बैल जन्मभर ओढतो, हा विचार वाचनात क्वचितच येतो. बैलाच्या खांद्यावरील जू दिसावे म्हणून माणसाला तेथे जुंपावे लागले.

आनंद यादव यांची 'गोतावळा' (१९७१) या दृष्टीने अधिक जवळची कलाकृती आहे. गडी म्हणून राबणाऱ्या नारबाचे आप्तस्वकीय म्हणजे मळ्यातील जनावरे. ट्रॅक्टर येतो आणि हा गोतावळा एकेक करून नाहीसा होतो. या कादंबरीला यंत्रयुगाने ग्रामजीवनाचा केलेला ऱ्हास म्हणून वाचण्याची रीत पडली. मात्र तिचे खरे सामर्थ्य नारबाच्या नजरेत आहे. तो जनावरांकडे प्रतीक म्हणून पाहत नाही, कारण त्याला तशी सवडच नाही. त्यांचे खाणेपिणे, विणे, थकणे, म्हातारपण हे त्याच्या दिवसाचे काम आहे. समीक्षकाला जे प्रतीक दिसते ते नारबासाठी निरीक्षण असते. 'सत्तांतर' (१९८२) मध्ये माडगूळकर वानरांच्या टोळीकडे अभ्यासकाच्या तटस्थतेने पाहतात. तरी शीर्षक वाचकाला माणसाच्या राजकारणाकडे ओढून नेतेच.

ह्या साहित्यकृतींचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. प्रतीक हे साहित्याचे स्वाभाविक साधन आहे. प्रश्न समीक्षेचा आहे. इलेन स्कॅरी यांनी १९८५ सालच्या आपल्या ग्रंथात तीव्र वेदना भाषा मोडून टाकते, सोसणाऱ्याला भाषेपूर्वीच्या आवाजाकडे नेते, असे प्रतिपादन केले. जनावर तर आरंभापासूनच त्या ठिकाणी असते. त्याच्या वेदनेला शब्द देण्याची संपूर्ण जबाबदारी पाहणाऱ्यावर येते. मराठी समीक्षेने जनावराची वेदना दिसताच 'ही कोणाची वेदना आहे?' असा प्रश्न विचारून शेतकऱ्याची, स्त्रीची, दलिताची, ग्रामजीवनाची अशी उत्तरे दिली. 'ही बैलाची वेदना आहे' हे उत्तर अपुरे मानले गेले. वेदना-व्यवस्थापनाचे तिसरे सूत्र, म्हणजे आधी चिन्ह नोंदवा आणि मग अर्थ लावा, हे समीक्षेलाही लागू करावे, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

५. खांदशेकणी, शंकरपट आणि 'अनावश्यक' वेदना

लोकव्यवहाराकडे वळल्यास पूर्व विदर्भातील खांदशेकणीचा विधी प्रथम आठवतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकून, तूप वा लोणी व हळद यांनी चोळून, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्यांना दिले जाते. भाताच्या मुलखात या विधीची वेळ अर्थपूर्ण आहे. बांध्यांतील चिखलणी व रोवणा आटोपल्यावर, म्हणजे बैल-हल्यांच्या खांद्यांवर वर्षातील सर्वाधिक भार पडून गेल्यावर तो येतो. जू खांद्याला घासते, सूज येते, तिला शेक व मालिश हवी असते, हे ज्ञान या विधीत साठवलेले आहे. बैलाला वेदना होते याची ही सामूहिक कबुली आहे. परंतु ही कबुली पंचांगाने ठरते, बैलाने दाखवलेल्या चिन्हाने ठरत नाही. रोवण्याच्या तिसऱ्या दिवशी सुजलेल्या खांद्याला पोळ्याची वाट पाहावी लागते.

त्याच परिसरात हिवाळ्यात शंकरपट भरतात. दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक अशी ही उत्सवाची जोडी आहे. पटाच्या बैलावर मालकाचे अपार प्रेम असते, त्याचा खुराक घरच्या मुलांपेक्षा चांगला असतो. पण तुतारीचे टोचणेही त्याच्याच वाट्याला येत असे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. या साऱ्या वादाच्या केंद्रस्थानी बैलाला होणारी पीडा व ती ओळखण्याचे निकष हाच प्रश्न होता.

या संदर्भात १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याची भाषाही तपासण्यासारखी आहे. हा कायदा 'अनावश्यक' वेदना वा यातना रोखण्यासाठी आहे. खच्चीकरण, शिंगे काढणे, डागणे, वेसण घालणे या गोष्टी विहित रीतीने केल्यास क्रूरतेच्या कक्षेत येत नाहीत. 'अनावश्यक' या विशेषणाचा अर्थ कोणी लावायचा? स्थानिक भूल उपलब्ध नव्हती तेव्हा खच्चीकरणाची वेदना आवश्यक ठरत असेल. ती उपलब्ध असताना तीच वेदना आवश्यक कशी राहील? वेदना-व्यवस्थापनाचे शास्त्र जसजसे पुढे जाते तसतसा 'आवश्यक' वेदनेचा प्रदेश आक्रसत जातो. म्हणून या विषयातील प्रशिक्षित पशुवैद्यक हा केवळ उपचारक राहत नाही. कायद्यातील एका विशेषणाचा तो भाष्यकार होतो.

६. वेदनाशामक आणि गिधाड

मात्र वेदनाशमन म्हणजे सुई टोचणे, असा अर्थ घेतल्यास काय होते याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे. डायक्लोफिनॅक हे स्वस्त व परिणामकारक वेदनाशामक १९९०च्या दशकात गुराढोरांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. लंगडणारे, सुजलेले, ताप आलेले जनावर दिसले की हेच औषध. उपचारानंतर थोड्याच दिवसांत मेलेल्या जनावराचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना वापरल्या जात असल्याने २०१५ साली कुपीचा आकार ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आला. २०२३ साली केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्या पशुवापरावरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय ठरला.

या घटनाक्रमातून दोन गोष्टी शिकता येतात. एका जनावराची वेदना ही त्याची एकट्याची नसते. तिच्या शमनाचा धागा ढोरफोडीवरून आकाशातल्या पक्ष्यापर्यंत जातो. दुसरे असे की वेदना नीट वाचली नाही तर औषधाची निवडही नीट होत नाही. खुरात काटा असलेल्या बैलाला काटा काढणे हे वेदनाशमन होय. त्याला सुई टोचून पुन्हा जुंपणे म्हणजे वेदनेचा आवाज बंद करणे. या दोहोंतील भेद ओळखता येणे ही प्रमाणपत्राची खरी कसोटी मानली पाहिजे.

७. प्रमाणपत्राची मर्यादा

आतापर्यंतचे विवेचन प्रमाणपत्राच्या बाजूने झुकलेले वाटेल. म्हणून त्याच्या मर्यादांचाही विचार करणे अगत्याचे आहे. वेदनेविषयीचे बहुचर्चित मार्गदर्शक दस्तऐवज, उदाहरणार्थ जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेचे २०१४ व २०२२चे दस्तऐवज, प्रामुख्याने श्वान व मार्जारांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. त्यांचा आदर्श रुग्ण घरात राहतो, त्याच्या मालकाजवळ वेळ व पैसा असतो आणि चिकित्सालय हाकेच्या अंतरावर असते. सालेकसा वा देवरी तालुक्यातील रानालगतच्या गावात पशुवैद्यक पोहोचेपर्यंत जनावराची अर्धी वेदना सोसून झालेली असते. तेथे ती प्रथम पाहतो तो गायकी, धारेला बसणारी बाई, शेळ्या राखणारे पोर. पशुधन पर्यवेक्षक पोहोचतो तेव्हा त्याच्या हाती येतो तो या माणसांचा शब्द. श्रेणी इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, आणि पहिला साक्षीदार मराठीत, झाडीबोलीत, गोंडीत. हे अंतर कोणतेही प्रमाणपत्र एकट्याने मिटवू शकत नाही.

मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आणि नागपूरचे १९५८ पासून कार्यरत आहे. नागपूर येथे २००० साली महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. ज्ञानाची केंद्रे जवळ आहेत. उणीव आहे ती मधल्या भाषेची.

या बाबतीत एक उत्तम आदर्श याच जिल्ह्याच्या मातीत घडला. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांध परिसरात वनाधिकारी म्हणून काम करताना पक्षी, झाडे, पाणी यांची नावे रानातल्या माणसांकडून ऐकून घेतली, तपासली आणि मराठीला दिली. जेथे शब्द नव्हता तेथे त्यांनी 'सारंगागार', 'काकागार' असे शब्द रुजवले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. झाडीबोलीच्या अभ्यासाची वाट डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी घालून दिली आहे. पक्ष्यांसाठी जे झाले, बोलीसाठी जे झाले, ते जनावराच्या वेदनेसाठी होऊ शकते.

त्यासाठी काही टप्पे सुचवता येतील. जनावरांच्या दुखण्याची चिन्हे सांगणारे बोलीतील शब्द महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी संकलित करावेत. प्रत्येक शब्दातील चिन्ह कोणते आणि आरोप कोणता, हे वेगळे करावे. त्या चिन्हांची पशुवैद्यकांनी प्रत्यक्ष रुग्णांवर पडताळणी करावी. शेवटी एक पानी मराठी वेदना-निरीक्षण पत्रक तयार करून ते दुग्ध संस्था, पशुवैद्यकीय दवाखाने व गायकी यांच्या हाती द्यावे. असे पत्रक प्रमाणपत्राची जागा घेणार नाही. परंतु प्रमाणपत्रधारक वैद्याला साक्षीदाराचा शब्द समजेल आणि साक्षीदाराला आपला शब्द मोलाचा आहे हे कळेल.

निष्कर्ष

१. पशुवेदना-व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र हे औषधज्ञानाइतकेच वाचनकौशल्याचे प्रमाणपत्र आहे. न बोलणाऱ्याची वेदना नाकारता येत नाही, हे २०२० सालच्या व्याख्येने मान्य केले आहे.

२. मराठीत जनावराच्या वेदनेची चिन्हे सांगणारी समृद्ध शब्दसंपदा आहे. परंतु 'अंग चोरणे', 'पान्हा चोरणे' यांसारख्या प्रयोगांत वेदनेवर दोषाचा आरोप होतो.

३. मराठी समीक्षेने साहित्यातील जनावराची वेदना बहुधा मानवी दुःखाचे रूपक म्हणून वाचली. चिन्ह प्रथम व अर्थ नंतर, ही वैद्यकाची शिस्त समीक्षेला उपकारक ठरेल.

४. खांदशेकणीसारख्या विधींत वेदनेची जाण आहे; तिला पंचांगातून सोडवून रोजच्या निरीक्षणात आणणे आवश्यक आहे.

५. गायकी, पशुपालक स्त्रिया व पशुधन पर्यवेक्षक यांच्या भाषेला स्थान दिल्याविना हे प्रमाणपत्र गोंदियासारख्या जिल्ह्यात शहरी चिकित्सालयाच्या भिंतीपुरतेच उरेल.

आपण जनावराला 'मुके' म्हणतो. उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की तो मुका नाही. कान पाडून, रवंथ थांबवून, खांदा आखडून तो सांगतच असतो. ते ऐकण्याची पात्रता मिळवणे, मग ती परीक्षा देऊन असो वा गायक्याजवळ बसून, हे वैद्यकाचे आहे तसे भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे.